परब्रह्माचा कारखाना

धर्मावरील विनोदाचे पुस्तक म्हटले की सश्रद्ध वाचक ते उघडीत नाही आणि अश्रद्ध वाचक ते न उघडताच डोक्यावर घेतो. कारेल चापेक या चेक लेखकाची १९२२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली कादंबरी या दोघांनीही वाचावी, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे. ‘आर. यू. आर.’ या नाटकातून जगाला ‘रोबो’ हा शब्द देणारा तो हाच चापेक. कादंबरीचे मूळ नाव आमच्या परिभाषेत आणावयाचे तर ‘परब्रह्माचा कारखाना’ असेच म्हणावे लागेल.

मारेक नावाचा इंजिनियर अणूचे संपूर्ण ज्वलन करणारे यंत्र शोधून काढतो. थोड्याशा कोळशावर कारखानेच्या कारखाने चालू लागतात. पण कोळसा निःशेष जळाला तरी त्यात कोंडलेले ईश्वरतत्त्व जळत नाही, ते मोकळे होऊन बाहेर पडते. जळी, स्थळी, काष्ठी, पाषाणी देव आहे, हे लहानपणापासून ऐकलेल्या वाचकास यात नवल ते काय? नवल पुढेच आहे. यंत्राजवळ जाणारा मनुष्य सद्गदित होतो, चमत्कार करू लागतो, द्रव्य वाटून टाकतो. मारेक भयभीत होऊन यंत्र विकावयास काढतो, आणि बाँडी हा कारखानदार, मारेकच्या तळघरात त्या आनंदाचा स्वतः अनुभव घेऊनही, ते विकत घेतो. पुढे बिशपमहाशयांचे मत पडते ते असे, की खरा देव जगात अवतरणे चर्चला परवडणारे नाही!

आम्हांस सर्वांत मार्मिक वाटला तो आर्थिक अनर्थाचा भाग. ईश्वरतत्त्व स्वतःच कारखाने चालवू लागते. बारीक खिळ्यांचे डोंगर उभे राहतात आणि गावोगावी खिळा मिळेनासा होतो. कारण फुकटच्या मालाला भाव नाही, आणि भाव नाही म्हणून तो वाहून नेण्याची कोणास गरज नाही. अनंताला निर्मिती ठाऊक, वाटप ठाऊक नाही. अशा वेळी लोकांना जगवितो तो शेतकरी, आणि तोही आपले धान्य फुकट न देता चढ्या भावाने विकतो म्हणून.

कादंबरी प्रथम ‘लिदोव्हे नोव्हिनी’ या दैनिकात क्रमशः आली, त्याच्या खुणा उत्तरार्धात उघड दिसतात. महायुद्धाची प्रकरणे पसरट आहेत, कथेचा धागा वारंवार सुटतो. पण त्या युद्धाचे बीज पाहावे. व्लटावा नदीतील गाळ उपसणाऱ्या बोटीवर कुझेन्दाचा पंथ निघतो, तर जत्रेतील लाकडी घोड्यांच्या चक्री-पाळण्याभोवती बिंडरचा. दोन्हीकडे देव एकच, एकाच जातीच्या यंत्रातून निघालेला. तरी प्रत्येकास आपल्या वाट्याचा अंश म्हणजेच पूर्ण असे वाटते, आणि शेजाऱ्याचा अंश पाखंड ठरतो. चापेकचा बाण देवावर नाही, त्याचे माप घेणाऱ्यांवर आहे, आणि त्यात नास्तिकालाही सूट नाही.

इंग्रजी भाषांतर १९२७ सालापासून उपलब्ध आहे. युद्धाची प्रकरणे घाईने उलटली तरी चालेल. परंतु हेच जुने वैरी खानावळीत कोबी खात शांतपणे बोलत बसतात, ते शेवटचे प्रकरण मात्र सावकाश वाचावे.