प्रकटीकरणातील ‘लवकर’ : एका कालवाचक प्रयोगाचा विचार

बायबलच्या नव्या करारातील ‘प्रकटीकरण’ या अखेरच्या ग्रंथाच्या प्रारंभीच ‘एन ताखेइ’ हा ग्रीक प्रयोग येतो. प्रचलित मराठी भाषांतरात त्यासाठी ‘लवकर’ हा शब्द योजिला आहे. बहुसंख्य अभ्यासक हा ग्रंथ इ. स. ९५ च्या सुमारास रचला गेला असे मानतात. त्यात वर्णिलेला युगान्त मात्र अद्याप घडलेला नाही. जॉन वॉल्व्हूर्ड यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाष्यात यातून असा मार्ग काढला, की हा प्रयोग घटना केव्हा घडतील हे सांगत नसून, एकदा सुरू झाल्यावर त्या किती वेगाने घडतील हे सांगतो.

ही उपपत्ती सर्वस्वी निराधार नाही. मराठीतही ‘लवकर ये’ यात काळ अभिप्रेत असतो, तर ‘लवकर लवकर चाल’ यात गती. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात देवदूत तुरुंगातील पेत्राला उठवितो, तेथे हाच ग्रीक प्रयोग त्वरेचा वाचक आहे. परंतु त्याच ग्रंथात रोमन सुभेदार फेस्त आपण लवकरच कैसरीयास जाणार असल्याचे कळवितो, तेथे त्याच्या प्रवासाचा वेग कोणी मोजीत बसणार नाही.

शब्दाला दोन अर्थ आहेत एवढे कोश सांगतो. प्रस्तुत स्थळी कोणता घ्यावयाचा हे संदर्भ ठरवितो. प्रकटीकरणात लगेच पुढे काळ ‘एंगुस’, म्हणजे ‘जवळ’, असल्याचे म्हटले आहे, आणि शेवटच्या अध्यायात हीच जोडी पुन्हा आली आहे. ‘जवळ’मधून वेगाचा अर्थ कोणत्याही युक्तीने निघत नाही. शिवाय दानीएलाला, दर्शन दूरच्या काळाचे असल्यामुळे, ते मुद्रित करून ठेवण्याची आज्ञा होती. येथे काळ जवळ आहे म्हणून मुद्रित न करण्याची आज्ञा आहे. हा विरोध हेतुपुरस्सर दिसतो, आणि ‘जवळ’चा अर्थ सैल केला की तो नाहीसा होतो. ग्रंथकाराची अपेक्षा फळास आली नाही, याचे उत्तर धर्मशास्त्राने द्यावे. व्याकरणावर तो भार घालणे उचित नव्हे.

देवाच्या लेखी एक दिवस सहस्र वर्षांसारखा, हे पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील विधान पुष्कळदा कालगणनेचे कोष्टक म्हणून वापरले जाते. वस्तुतः ते आगमनाच्या विलंबावरून उपहास करणाऱ्यांना दिलेले उत्तर आहे. आगमन नजीक आहे अशी समजूत नसती, तर उपहासाला जागाच उरली नसती. ग्रीक ही त्या पत्रलेखकाची वापरातली भाषा होती. तरीही त्याने शब्दार्थाचा आधार घेतला नाही, देवाच्या सहनशीलतेचा घेतला.