‘द स्क्वेअर’ : दोन शेवट असलेला चित्रपट

जेहान नुजैम यांच्या ‘द स्क्वेअर’ला सनडान्स महोत्सवात प्रेक्षक पुरस्कार मिळाला तो जानेवारी २०१३मध्ये. कैरोच्या तहरीर चौकातल्या आंदोलनावरचा हा माहितीपट तेव्हा मोहम्मद मोर्सी राष्ट्राध्यक्ष होतात तिथपर्यंत यायचा. पुरस्कार मिळाला, काम झालं, असं म्हणता आलं असतं. पण काही महिन्यांतच लोक पुन्हा रस्त्यावर उतरले, ३ जुलैला लष्कराने मोर्सींना हटवलं आणि नुजैम यांचा कॅमेराही पुन्हा सुरू झाला. सप्टेंबरमध्ये टोरांटोला जो चित्रपट दाखवला गेला, त्याचा शेवट वेगळा होता. तिथेही प्रेक्षकांनी त्यालाच निवडलं. पुढे नेटफ्लिक्सवर आला आणि ऑस्करच्या नामांकनात गेला तो हाच.

आंदोलनावरच्या बहुतेक चित्रपटांना हुकूमशहा पडला की थांबायची घाई असते. मुबारक गेले ते १८ दिवसांत, ११ फेब्रुवारी २०११ला. या चित्रपटात तो जल्लोष सुरुवातीच्याच भागात उरकतो. मग राहतो तो कंटाळवाणा, रक्तबंबाळ, गोंधळाचा काळ : लष्कराची सत्ता, निवडणुका, जुन्या मित्रांमधले वाद. हा काळ आपल्या फोनवर कधी आला नाही. आपल्याला आठवतो तो झेंड्यांनी भरलेला चौक.

नुजैम हा काळ माणसांमधून सांगतात. अहमद हसन हा रस्त्यावर वाढलेला, बोलका, तरुण पोरगा. खालिद अब्दल्ला हा ‘द काइट रनर’मधला अभिनेता, लंडनमधल्या वडिलांशी स्काइपवर वाद घालणारा. आणि मगदी अशूर, मुस्लिम ब्रदरहुडचा कार्यकर्ता, ज्याने मुबारक यांच्या काळात छळ सोसलाय. अहमद आणि मगदी चौकात मित्र होतात. पुढे संघटना एक सांगते आणि मगदीचं मन दुसरं. संघटना सोडायची तर आयुष्यभराची माणसं सोडायची, राहायचं तर चौकातल्या मित्राकडे पाठ करायची. त्याच्या चेहऱ्यावरची ही ओढाताण म्हणजे या चित्रपटाची खरी कमाई. घोषणा कुणीही टिपेल. आपल्याच पक्षाबद्दल शंका येणाऱ्या माणसाने कॅमेऱ्यासमोर बोलायला दिग्दर्शकावर फार विश्वास असावा लागतो.

माझी तक्रार नव्या शेवटाबद्दल आहे. कॅमेरा शेवटी अहमदच्या बाजूला उभा आहे, आणि मोर्सींविरुद्धची प्रचंड गर्दी त्याच्यासोबत आपल्यालाही उचलून नेते. पण त्या गर्दीच्या पाठीमागून लष्कर परत येत होतं. १४ ऑगस्ट २०१३ला रबा चौकातला ब्रदरहुडचा ठिय्या उठवताना सुरक्षा दलांनी एका दिवसात किमान ८१७ माणसं मारली, असं ह्यूमन राइट्स वॉचने नंतर नोंदवलं. ज्या चित्रपटाने आपल्याला मगदीसारखा माणूस ओळखीचा करून दिला, त्याने मगदीच्या बाजूच्या या मृत्यूंना फार थोडी जागा दिली आहे. इथे तो आपल्याच पात्राला अपुरा पडतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले नवी आवृत्ती काढली तरी जुनी पुसत नाही. काय बदललं, कधी बदललं, हे कुणालाही उघडून बघता येतं. चित्रपटात नवा शेवट जुन्याला गिळून टाकतो. दोन्ही शेजारी ठेवून पाहता आले असते, तर सहा-आठ महिन्यांत तीच दृश्यं कशी वेगळं बोलू लागतात ते कळलं असतं.

याला एक उत्तर कैरोतच तयार झालं. खालिद ज्या मोसिरीन गटाच्या संस्थापकांपैकी आहे, त्या गटाने जानेवारी २०१८मध्ये आपल्याकडचं ८५८ तासांचं चित्रण इंटरनेटवर खुलं केलं. त्या संग्रहाचं नावही ‘८५८’. त्यात नायक नाही, पार्श्वसंगीत नाही, शेवटही नाही. तो ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो, त्या ‘पॅन्डोरा’चा संबंध थेट मुंबईशी आहे : मुंबईतल्या ‘कॅम्प’ या गटाने इतरांसोबत उभारलेला ‘पॅड डॉट मा’ हा व्हिडिओसंग्रहही त्यावरच चालतो.

पण खरं सांगायचं तर ८५८ तास कोण बघणार? संग्रह पुरावा राखतो. मगदीची घालमेल मात्र आपल्या घशाशी आणतो तो चित्रपटच. त्यासाठी कुणाला तरी निवड करावी लागते, कुठे तरी थांबावं लागतं, आणि थांबणारा माणूस कुठल्या तरी बाजूला उभा असतोच. नुजैम एकदा थांबल्या, मग ते थांबणं मोडून पुन्हा चौकात गेल्या. हा प्रामाणिकपणा मोठा आहे. फक्त दुसऱ्यांदा त्या जिथे थांबल्या, तिथून रबा चौक नीट दिसत नाही.

‘द स्क्वेअर’ जरूर बघा. स्फूर्ती घ्यायला नको, मगदीकडे बघायला. आणि संपला की १४ ऑगस्टबद्दल वाचा.