राजाचा अन्नभोग आणि काळीज-पेटा

कोंबडीचे काळीज, पेटा आणि हृदय यांना आपल्या पाकवाङ्मयात अद्याप मानाचा पाट मिळालेला नाही. देवळाच्या पंगतीचा प्रश्न येथे नाही. तेथील अन्न शिवराकच, आणि सोमवार-एकादशीला घरचेही तसेच. परंतु ज्या घरी इतर दिवशी कोंबडी शिजते, तेथेही हे जिन्नस ‘पोटातली घाण’ म्हणून मांजरापुढे जावेत, ही सोवळेपणाची खूण की अज्ञानाची? एका जुन्या ग्रंथाच्या आधारे आम्ही हा प्रश्न तपासू इच्छितो.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला, ११२९ च्या सुमाराचा ‘मानसोल्लास’ हा तो ग्रंथ. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातील जुन्या मराठी रचनांमुळे परिचित आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेला त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये निघाला. त्याच्या ‘अन्नभोग’ प्रकरणात काळजाची कृती आहे: सुपारीएवढे तुकडे करावे, निखाऱ्यावर भाजावे, मसाला घालून तळावे, आणि दह्यात अथवा मोहरीच्या रसात सोडावे. ही कृती मोठ्या जनावरांच्या मांसपाकांच्या ओघात येते. तथापि तिचे मर्म कोंबडीच्या काळजालाही लागू पडते. काळीज मऊ आणि उग्र वासाचे. धगीने ते आवळते, भाजल्याने वास मावळतो, आणि आंबट-तिखटाने त्याचा जडपणा तुटतो. राजाच्या ताटात आतड्यांनाही स्थान होते. तेव्हा हे जिन्नस हीन होत, हा समज निदान परंपरेच्या नावावर खपविता येणार नाही.

परंतु ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. सोमेश्वराची दृष्टी भोक्त्याची आहे; प्रकरणाचे नावच ‘भोग’. या पदार्थांची खरी विद्या मात्र ताटाच्या कितीतरी आधी, मोरीपाशी सुरू होते. काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी न फोडता काढावी लागते. फुटलीच, तर हिरवा डाग पडलेला भाग कापून टाकावा, नाहीतर सारे कालवण कडू. पेटा म्हणजे कोंबडीचे जाते: दात नसलेला पक्षी त्यातील खड्यांनी दाणे दळतो. तो चिरून, आतील खडे काढून, पिवळी चिवट साल सोलावी लागते. हृदयाच्या माथ्यावरील नळ्या आणि आतले साकळलेले रक्त काढावे लागते.

शिजविण्यातही भेद आहे. पेटा हा सतत राबणारा स्नायू; तो मंद आचेवर पाऊण ते एक तास मागतो. काळीज काही मिनिटांत शिजते. आत लाली राहता कामा नये, पण फार वेळ ठेविल्यास ते कोरडे आणि रवाळ होते. दोन्ही एकदम भांड्यात टाकणाऱ्याची फसगत ठरलेलीच. म्हणून शागोतीत आधी पेटे आणि अगदी शेवटी काळीज, हाच क्रम शहाणपणाचा.

आमची तक्रार सोमेश्वरापेक्षा आजच्या पाकपुस्तकांविषयी अधिक आहे. ती बहुधा ‘कोंबडी स्वच्छ करून तुकडे करावे’ येथून आरंभ करतात, आणि जे शिकवावयाचे ते त्या एका वाक्यात गिळून टाकतात. पूर्वी ते चालून जाई, कारण शिकवावयास घरात आजी किंवा काकी असे. आता कोंबडी दुकानातूनच सोलून, तुकडे होऊन येते. ज्या हातांना पित्ताची पिशवी अलगद काढता येते, ते हात थकत चालले आहेत. लेखी शब्द नसेल, तर ही विद्या त्यांच्याबरोबर जाईल.

पंगतीत पानात काही टाकू नये, हा दंडक आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्या अन्नासाठी एक जीव गेला, त्याला तो अधिकच लागू आहे. पुढील पाकपुस्तकाने ‘स्वच्छ करून’ या दोन शब्दांच्या जागी एक संपूर्ण पान लिहावे, एवढीच आमची मागणी आहे.