पूजेचे ग्रंथ आणि वाचनाचे ग्रंथ

नवरात्रात सरस्वतीपूजनासाठी ग्रंथ पाटावर मांडण्याची आमच्या घरची रीत जुनी आहे. गतवर्षी ते मांडताना एक गोष्ट ध्यानात आली आणि मनाला लागून राहिली. ज्यांना आम्ही वर्षानुवर्षे गंधफूल वाहत आलो, त्यांतील निम्म्याहून अधिक ग्रंथ आम्ही कधी उघडलेच नव्हते. तेव्हा यंदा चातुर्मास लागताच हा ढीग उपसावयास घेतला. त्यांतील तिहींविषयी येथे लिहीत आहोत.

पहिला मान अर्थातच सोहिरोबानाथ आंबिये यांचा. १७१४ साली जन्मलेल्या या सत्पुरुषाचे घराणे मूळ पेडणे महालातील पालये गावचे, वास्तव्य बांद्यास. त्यांची पदे लहानपणापासून देवळातील भजनात म्हणत आल्यामुळे ‘महदनुभवेश्वरी’ वाचण्याची गरजच आम्हांस भासली नव्हती. पदांतील गोडवा येथे शोधू जाणाऱ्याची मात्र निराशा व्हावयाची. परिभाषा दाट आहे, चाल संथ आहे, आणि पुष्कळ ठिकाणी आम्हांस दोनदोनदा मागे वळावे लागले. परंतु तोंडपाठ झालेल्या शब्दांमागे केवढे चिंतन उभे आहे, हे ग्रंथ वाचल्यावाचून कळत नाही. पदे गाऊन आम्ही नाथांना ओळखतो, हा आमचा भ्रम होता.

दुसरा ग्रंथ आम्ही बुद्ध्याच मागे टाकला होता: फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत तो छापला गेला, श्री. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये तो देवनागरीत आणला. ज्या साष्टीत १५६७ साली आमची देवळे पाडली गेली, त्याच साष्टीत हा ग्रंथ निपजला, हे विसरून तो वाचता येत नाही, विसरूही नये. तथापि एका इंग्रजाने जवळजवळ अकरा हजार ओव्या मराठीत रचाव्या, स्वर्गाला वैकुंठ म्हणावे, आणि मराठी भाषेचे गुण मुक्तकंठाने गावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. कथा रंगते तेथे ओवी सहज चालते; खंडनमंडन सुरू झाले की रस आटतो. असे असूनही मराठी ओवीचे सामर्थ्य दाखविणारा ग्रंथ म्हणून त्याचे मोल आम्हांस मान्य करावे लागले.

तिसरा ग्रंथ १८७७ साली डिचोलीत जन्मलेल्या शणै गोंयबाब यांचा: ‘गोंयकारांची गोंयांभायली वसणूक’. कोंकणी घरात बोलायची, ग्रंथ मात्र मराठीच वाचायचे, या सवयीने तो आमच्याकडून राहिला होता. आरंभी डोळे अडखळले. मग मोठ्याने वाचू लागलो, आणि आजीच्या तोंडचे बोलणे कानी पडू लागले. लेखकाचा स्वभाषाभिमान कधी कधी पुराव्याच्या पुढे धावतो, हे खरे. पण गद्य ठसठशीत, जिवंत आहे. मराठीवर प्रेम असणाऱ्याने ते टाळण्याचे काहीच कारण नाही.

हे वाचताना एक विचार सतावीत होता. तिसवाडी, बारदेश, साष्टी येथील देशी ग्रंथांची सोळाव्या शतकात होळी झाली. त्या काळच्या आमच्या पौराणिक कथांच्या रोमन लिपीतील नकला आज पोर्तुगालमध्ये ब्रागा येथील ग्रंथालयात पाहाव्या लागतात. पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्या होळीची झळ त्यांना लागली नाही. म्हणजे येथील पेट्याकपाटांत जे आहे ते केवळ दैवाने वाचलेले आहे. ते न उघडता वाळवीच्या स्वाधीन झाले, तर दोष परक्यांना देता येणार नाही.

आमच्या देवळांत चातुर्मासात पुराण सांगण्याचा प्रघात आहे. त्यांतीलच एखादी संध्याकाळ पेडण्यात सोहिरोबांच्या ग्रंथासाठी, डिचोलीत गोंयबाबांच्या पुस्तकासाठी ठेवावी, एवढेच महाजनांस सुचवावेसे वाटते. अर्थ सांगणारा जाणकार मिळाला तर उत्तमच; न मिळाला तरी चार जणांनी बसून वाचावे.

आमचा ढीग अद्याप पुष्कळ उरला आहे. येत्या नवरात्रात मात्र पाटावर वाचलेलेच ग्रंथ मांडावयाचे ठरविले आहे. पाट रिकामा दिसेल. त्यावर ‘ख्रिस्तपुराण’ही असेल, आणि देवी सरस्वतीस ते परके वाटेल असे आम्हांस वाटत नाही.