जनावरांची फिर्याद आणि आमचा अशरफपणा

उर्दू शाळेत निबंधाचा तास असला की एक वाक्य हमखास येते. विषय 'पानी' असो, 'दरख्त' असो की 'गाय', मुले सुरुवात करतात ती इन्सान अशरफुल मख्लूकात आहे, म्हणजे साऱ्या निर्मितीत श्रेष्ठ आहे, इथूनच. आम्हीही त्या वाक्याखाली कधी लाल रेघ मारली नाही. उलट सुरुवात झकास म्हणून अर्धा गुण जास्तच दिला असेल. आणि त्याच तासाला एखाद्याने गृहपाठ आणला नाही तर त्याला 'गधे' म्हणणारेही आम्हीच. हैवान, हैवानियत, जानवर, उल्लू... उर्दूतल्या शिव्या मोजायला बसलो तर अर्धा राणीचा बाग उभा राहील. मराठी तरी कुठे मागे आहे? बैलोबा आणि गाढव तिथेही आहेतच.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे 'इख्वानुस्सफा' हे पुस्तक आम्ही पुन्हा वाचले. बी.एड. करताना उर्दू गद्याच्या इतिहासात त्याचे नाव पाठ केले होते, तेव्हा वाचले ते परीक्षेपुरते. मूळ ग्रंथ अरबी. दहाव्या शतकात बसरा येथे स्वतःची नावे गुप्त ठेवून लिहिणाऱ्या विद्वानांच्या एका मंडळाने गणितापासून संगीतापर्यंत सर्व ज्ञानाचे रिसाले लिहिले. त्यातला बाविसावा रिसाला जनावरांचा. मौलवी इकराम अली यांनी 1810 मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी त्याची फिर्यादीची कथा उर्दूत आणली. पुढे ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या हिंदुस्थानी भाषेच्या परीक्षेला नेमली गेली. मालक आणि गुलाम यांच्या हक्काचा वाद ज्या पुस्तकात आहे, तेच पुस्तक इथे राज्य करायला आलेल्यांनी आमची बोली शिकण्यासाठी घोकावे, यातली गंमत त्यांना कळली असेल की नाही कोण जाणे!

कथा साधी आहे. वादळात सापडलेले जहाज एका बेटाला लागते. तिथे जनावरे सुखाने राहत असतात आणि राज्य जिन्नांच्या बादशहाचे. माणसे उतरतात आणि जनावरांना धरून पाठीवर ओझी लादू लागतात. का, तर ही आमची गुलाम आहेत! जनावरे बादशहाकडे फिर्याद नेतात. माणसांच्या बाजूने पहिला उभा राहतो तो हजरत अब्बास यांचा वंशज, आणि बोलतो थेट धर्मग्रंथाच्या आधाराने. जनावरांकडून उत्तर देते खेचर. (आम्ही वर्गात ज्याचे नाव शिवी म्हणून घेतो, त्या गाढवाचेच हे लेकरू.) जनावरे माणसाच्या सेवेत दिली याचा अर्थ मालकी नव्हे, असे ते सांगते. सूर्य, चंद्र, वारा हेही माणसाच्या उपयोगी दिले आहेत. मग ते माणसाचे गुलाम झाले काय?

माणसे म्हणतात, आमचा देह ताठ, आमचे रूप सुंदर. उत्तर मिळते की ज्याला जे लागते त्याला ते दिले आहे. उंटाचे पाय लांब, म्हणून मानही लांब. माणसे रेशमी वस्त्रांचा तोरा मिरवतात, तर रेशीम किड्याचे आणि लोकर मेंढीची निघते. मधाचे कौतुक करतात, तर तो मधमाशीच्या तोंडातून आलेला. आमच्या मते या फिर्यादीतला सर्वांत बोचरा युक्तिवाद मात्र वेगळाच आहे. माणसे म्हणतात, आम्ही यांना चारापाणी देतो, दुखले-खुपले तर औषध करतो. जनावरांचे उत्तर असे की हे दयेपोटी नाही. आम्ही मेलो तर तुमचे पैसे बुडतील, या भीतीपोटी आहे.

हजार वर्षांपूर्वीचा हा टोला आमच्या काळात कसा लागू पडतो ते पाहा. भारतात गुरांचे दुखणे थांबावे, बैल पुन्हा कामाला लागावा म्हणून डायक्लोफिनॅक हे औषध सर्रास दिले जाऊ लागले. ते अंगात असताना गुरू मेले आणि ते मढे गिधाडांनी खाल्ले, की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातून एकसुद्धा उरली नाहीत. जनावरांसाठी हे औषध वापरण्यावर 2006 मध्ये बंदी आली, तोवर आभाळ रिकामे झाले होते. इथे कुणी क्रूरपणा केला नव्हता. सर्वांनी आपापल्या बैलाची काळजीच घेतली होती! कथेत शिकारी पक्ष्यांची बाजू पोपट मांडतो. आज त्याला फार बोलावे लागणार नाही.

आता निकालाकडे येऊ, कारण आमची तक्रार तिथेच आहे. एकेक मुद्द्यावर माणसे हरत जातात. शेवटी हिजाजचा माणूस म्हणतो, आम्हाला परलोकाचे वचन आहे. बुलबुल उत्तर देते की जन्नतबरोबर जहन्नमही तुमच्याच वाट्याला आहे, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला. त्यावर तो सांगतो, आमच्यात नबी आहेत, वली आहेत, नेक माणसे आहेत. इथे जनावरे गप्प होतात आणि माणसे दावा जिंकतात. खेचराच्या पाठीवरच्या ओझ्याचे काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. पहिल्या वाचनात आम्हाला हा निकाल लेखकांचा भ्याडपणा वाटला होता. काळ कठीण, लिहिणारे निनावी, तेव्हा शेवटी माणसाला जिंकवून मोकळे झाले असतील.

दुसऱ्या वाचनात वेगळे दिसले. दावा जिंकला तो मूठभर नेक बंद्यांच्या नावावर. पण सातबाऱ्यावर नाव चढले सगळ्यांचे, जहाजातून उतरून फास टाकणाऱ्यांचेसुद्धा. आम्ही 'अशरफुल मख्लूकात' म्हणतो तेव्हा हेच करतो. हा शब्दप्रयोग जसाच्या तसा कुरआनात नाही. सूरह बनी इस्राईलच्या 70व्या आयतीत आदमच्या संततीचा मान सांगितला आहे, पण तिथे निर्मितीतल्या 'पुष्कळां'वर श्रेष्ठत्व आहे, 'सर्वां'वर नाही. आणि सूरह अल-अन्आमच्या 38व्या आयतीत जमिनीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी यांना आमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. 'पुष्कळ'चे 'सर्व' कधी झाले? आमच्या वहीत झाले, आमच्या फळ्यावर झाले.

निसर्गाच्या नाशाला ख्रिस्ती पश्चिमेची माणूसकेंद्री श्रद्धा कारण आहे, असे अमेरिकी इतिहासकार लिन व्हाइट यांनी 1967 मध्ये मांडले. तेव्हापासून आमच्या व्याख्यानांत एक समाधानाचा सूर असतो. आमच्याकडे 'खलीफा'ची, अमानतदाराची कल्पना आहे, वजूलाही पाणी जपून वापरण्याची शिकवण आहे, म्हणून हा आरोप आमच्यावर येत नाही. शिकवण आहे हे खरेच. पण मशिदीच्या हौदावर तोट्या कशा वाहतात, ते रोज पाच वेळा आम्ही पाहतोच की! अमानतदार हे पदही आम्ही मालकासारखेच वापरले. 'इख्वानुस्सफा'चे लेखक याबाबतीत आमच्याहून प्रामाणिक. त्यांच्या दरबारात प्रत्येक कौमचा प्रतिनिधी आपली थोरवी गातो, आणि तो थांबला की एक जिन्न उठून त्याने गाळलेल्या गोष्टी सांगतो. मुसलमान वक्त्यालाही त्यांनी सोडलेले नाही.

यंदा नववीच्या वर्गात आम्ही खेचराचे भाषण वाचून दाखवले. मुले हसली, मग हळूहळू हसायची थांबली. निकाल सांगितला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, जवाब तो जानवरों ने दिया था, फिर जीते इन्सान कैसे?" आम्ही पुस्तकातले उत्तर दिले, नबींचे आणि वलींचे. ती "जी सर" म्हणून खाली बसली, पण बाकीच्यांसारखे वहीत काही उतरवून घेतले नाही.