दान कोणाचे? : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

उपवासकाळ आला, की औदार्यावर प्रवचने होतात. आणि अहिल्यानगर जिल्ह्यात (तेव्हाच्या अहमदनगरात) प्रवचन औदार्यावर असले, की त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव सहसा चुकत नाही. हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळा होणारा, घरात उद्या काय शिजेल याची चिंता न करणारा, रस्त्यावरचे अनाथ पोर उचलून घरी आणणारा हा कवी. दाखला उत्तम आहे, शिवाय आपल्याच मातीतला आहे. तो घेतला जातो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातून. आमचे म्हणणे इतकेच, की ज्या ग्रंथातून हा दाखला उचलला जातो, तो ग्रंथ स्वतः मात्र एवढेच सांगून थांबत नाही. तो आणखी काही सांगतो, आणि ते प्रवचनात येत नाही.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या. मराठी आत्मचरित्रांत या ग्रंथाचे स्थान कोणते, हे नव्याने सांगण्याची गरज नाही. शांता गोखले यांनी केलेले त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर २०१७ साली निघाले आणि ज्यांना मराठी येत नाही त्यांनाही बाईंची ओळख पटली. टिळक दांपत्य अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. कॅथलिक नियतकालिकात त्यांच्यावर कशासाठी लिहावे, असे एके काळी कोणी विचारले असते. टिळक नगरात होते त्याच काळात, १९०३ साली, राहुरी तालुक्यातील केंदळ येथून फादर हेन्री डोअरिंग यांनी ‘निरोप्या’ सुरू केला. दोन्ही मिशने एकाच दुष्काळात, एकाच प्लेगात राबत होती आणि एकमेकांकडे संशयाने पाहत होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याचा आदेश काढला, तेव्हापासून ही भिंत पुष्कळ खाली आली. टिळकांची भजने आता आपल्याही देवळांत म्हटली जातात. मग त्यांच्या घराचा जमाखर्चही आपण वाचायला हरकत नाही.

जमाखर्च हा शब्द आम्ही मुद्दाम योजला. समीक्षकांनी या ग्रंथाची निखळ भाषा वाखाणली, विनोद वाखाणला, प्रांजळपणा वाखाणला. पण पीठ किती उरले, भाडे कोणी द्यायचे, न सांगता आलेल्या पाहुण्यांच्या ताटात काय वाढायचे, या गोष्टींची इतकी बारीक नोंद आपल्या वाङ्मयात त्यापूर्वी कोणी केली होती? टिळक सामानासाठी दिलेल्या पैशांतून मनात भरलेली एखादीच वस्तू घेऊन घरी येतात आणि लहान मुलाच्या आनंदाने ती दाखवतात. वाचक हसतो. बाईच त्याला हसवतात. मग पान उलटल्यावर वाचकाच्या ध्यानात येते, की त्या दिवशी घरात सामान आलेच नाही.

टिळकांचे देणे खोटे नव्हते, हे आधीच स्पष्ट करू. हल्ली या ग्रंथाचे एक वाचन असे होते, की टिळक विक्षिप्त आणि बेजबाबदार, व बाई सोसणाऱ्या. ते वाचन आम्हाला उथळ वाटते. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेताना टिळकांनी जात, आप्त, प्रतिष्ठा, सर्व काही एका दिवसात ओवाळून टाकले. ज्याने एवढे सोडले त्याला चार रुपयांचा मोह कसा राहावा? १९१७ साली त्यांनी मिशनचा आधारही सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. हा माणूस देत होता, कारण आपले असे काही आहे ही भावनाच त्याच्या ठायी उरली नव्हती.

पण नेमकी येथेच अडचण आहे. ‘माझे काहीच नाही’ असे म्हणणारा पुरुष ‘माझे’ या शब्दात बायकोचेही धरतो. बाप्तिस्म्याच्या वेळी लक्ष्मीबाईंना विचारले गेले नव्हते. पुढची सुमारे पाच वर्षे त्यांनी नवऱ्यापासून दूर, आप्तांच्या आश्रयाने आणि आप्तांच्याच बोलण्यांत काढली, आणि मग १९०० साली स्वतःच्या मनाने, स्वतःच्या पायांनी चालत येऊन त्या ख्रिस्ती झाल्या. जी गोष्ट श्रद्धेची तीच घरखर्चाची. टिळक देत, आणि दिल्यावर घरी कळे. छप्पनच्या दुष्काळात (शालिवाहन नव्हे, विक्रम संवत, इंग्रजी १८९९-१९००) आणि प्लेगाच्या दिवसांत परक्यांची मुले त्या घरात आली, तेव्हा त्यांना आणण्याचे पुण्य टिळकांचे, त्यांची उवा-खरूज, ताप, हट्ट आणि रात्रीची रडणी कोणाची, हे ग्रंथ वाचणाऱ्यास सांगावे लागत नाही. कवी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, टिळकांनी नगरास आपल्या घरी आणले. मराठी कवितेवर हे टिळकांचे उपकार म्हणून नोंदले गेले आहे. त्या हळव्या, लहरी तरुणाला रोज जेवू कोण घालत होते, याची नोंद कवितेच्या इतिहासात नाही. ती ‘स्मृतिचित्रे’त आहे.

आमच्या धर्मग्रामात महिला मंडळाच्या बैठकीत या ग्रंथातील काही भाग आम्ही वाचून दाखवला. वाचून झाल्यावर एक वृद्ध बाई म्हणाल्या, “फादर, टिळकसाहेबांनी दिलं ते चांगलंच केलं. पण बाईंना आधी इचारलं असतं, तर त्या काय न्हाई म्हनल्या असत्या?” या ग्रंथावर वाचलेल्या कितीतरी लेखांपेक्षा हा प्रश्न आम्हाला मोलाचा वाटला. कारण त्याचे उत्तर ग्रंथातच आहे. बाई नाही म्हणाल्या नसत्या. त्या चिडतात, भांडतात, टिळकांना टोमणे मारतात. पण दारात आलेले पोर त्यांनी परत पाठवले नाही. देण्याची वृत्ती दोघांत सारखीच होती. फरक इतकाच, की एकाला दाता म्हणवून घेण्याची संधी मिळाली आणि दुसरीच्या वाट्याला त्या दानाची निस्तरण आली.

शुभवर्तमानातील विधवेची दोन नाणी आपल्याला तोंडपाठ आहेत. ब वर्षाच्या बत्तिसाव्या सामान्य रविवारी हा पाठ येतो. मिस्सापाठसंग्रहात त्याचा एक दीर्घ व एक लघु असे दोन पर्याय दिलेले आहेत, आणि वेळ वाचावा म्हणून बहुतेक ठिकाणी लघुपाठ वाचला जातो. लघुपाठात फक्त विधवा, तिजोरी आणि नाणी आहेत. दीर्घपाठात त्याआधी प्रभू येशू शास्त्र्यांवर कोरडे ओढतो, की ते लांबलचक प्रार्थनांचे ढोंग करून विधवांची घरे गिळंकृत करतात. संत मार्कने या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या त्या उगाच नव्हे. विधवेचे दान थोर आहेच. पण तिच्यापाशी दोनच नाणी का उरली, हा प्रश्नही प्रभूने तिथेच, त्याच अंगणात उभा केला आहे. आणि पुढच्याच अध्यायात ज्या मंदिरासाठी ती नाणी पडली त्याचा दगडावर दगड राहणार नाही, असे तो सांगतो. लघुपाठ वाचणाऱ्या धर्मगुरूंनी (आम्हीही त्याच पंथातले) निदान प्रवचनात तरी ही ओळ परत आणावी.

संत पौल तर याबाबतीत अगदी व्यवहारी आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत तो बजावतो, की जवळ आहे त्यातून द्यावे, नाही त्यातून नव्हे. दुसऱ्याला आराम आणि तुम्हाला ओझे असा हेतू नाही. प्रत्येकाने आपल्या मनात ठरवून, आनंदाने द्यावे. ‘प्रत्येकाने’ या शब्दापाशी आम्ही थबकतो. त्यात गृहिणी येते की नाही? प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा यांची भयंकर कथा आहे. तिथे नवऱ्याने जमीन विकून किमतीतला भाग दडवला तो बायकोला माहीत असताना, हे ग्रंथकार आवर्जून सांगतो. लबाडीच्या दानात बायकोची संमती घेतली गेली. टिळकांच्या प्रामाणिक दानात ती घ्यायची राहून गेली.

ग्रंथात एक उणीव आम्हाला जाणवते. ज्यांना दिले गेले, ती मुले आपल्याला दिसतात, त्यांच्या खोड्या कळतात, दुखणी कळतात. पण घेणाऱ्याचे मन कसे असते, हे त्यांच्या तोंडून फारसे ऐकू येत नाही. बाई देणाऱ्या घरातून लिहितात, म्हणून असे झाले असावे. नगर जिल्ह्यातील आपल्या समाजाला मात्र घेण्याची बाजू पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून आले. बलुत्याचे धान्य हा त्यांचा हक्क होता. पण तो हक्क खळ्याच्या कडेला उभे राहून, वाकून, पदरात टाकून घ्यावा लागे. येसकराची भाकर दारोदार मागून आणावी लागे. कायद्याने हे वतन १९५८ साली संपवले, त्याच्या कितीतरी आधी या माणसांनी ते मनातून संपवायला सुरुवात केली होती. ज्या दिवशी असा एखादा पूर्वज पहिल्या सुगीची पायली डोक्यावर घेऊन वेदीपाशी आला असेल, त्या दिवशी तो जन्मात प्रथमच देणारा म्हणून उभा राहिला असेल. मिशनने शाळा दिल्या, औषधे दिली, दुष्काळात मिलो दिला; पण त्या पायलीने त्याला जे दिले ते यातल्या कशाने दिले नसते. आपल्या धर्मग्रामांत आजही सुगीच्या अर्पणाला एवढे महत्त्व का, आणि हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत रिकाम्या हाताने जाणे लोकांना का लाजिरवाणे वाटते, याचे मूळ आम्ही इथे शोधतो.

आणि म्हणूनच पुढची गोष्ट बोचते. ज्या पुरुषाने घेणाऱ्याची मान वर करून देणाऱ्याची जागा मिळवली, त्याने घरातल्या बाईला त्या जागेवर बसू दिले का? वेदीवरून देणग्यांची नावे वाचली जातात, संगमरवरी फलकावर कोरली जातात. ती बहुतेक पुरुषांची असतात. एका धर्मग्रामात वार्षिक सणाला एका गृहस्थांनी मोठी रक्कम जाहीर केली. टाळ्या झाल्या. दोनच आठवड्यांनी त्यांची पत्नी धर्मगुरूंच्या निवासावर मुलीच्या शाळेच्या शुल्कासाठी मदत मागायला आली. नवऱ्याने दिलेली रक्कम बचत गटातून तिने उचललेल्या कर्जाची होती, आणि हप्ते तीच फेडत होती. सणाचा जेवणखर्च त्या रकमेतून झाला होता. आपणही त्या पंगतीला होतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आहे. मग अर्पण ठरते ते घराच्या सभेत ठरले पाहिजे, दिवा लावल्यावर, सगळ्यांच्या देखत. आम्ही हे लिहितो तेव्हा काही वाचक म्हणतील, की असे विचारत बसले तर औदार्य आटेल. टिळकांनी हिशेब केला असता तर टिळक झाले नसते. असेलही. परंतु लक्ष्मीबाई हिशेब करूनच लक्ष्मीबाई झाल्या. १९१९ साली टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे होते. ज्या बाईला नवऱ्याने हौसेने अक्षरे शिकवली होती, तिने पुढे ते लिहून पुरे केले. हे काम तिला कोणी दिले नव्हते, आणि या वेळी ते करायचे की नाही हे तिने स्वतः ठरवले होते. टिळकांच्या सगळ्या दानांचा हिशेब मांडायचा झाला, तर ती शिकवलेली अक्षरे आम्ही त्यांच्या नावावर सर्वात वर लिहू.

आमच्या धर्मग्रामाच्या वर्गणीच्या वहीत गेल्या सुगीपासून कुटुंबप्रमुखाचे एकच नाव लिहिणे बंद केले आहे. पती व पत्नी अशी दोन्ही नावे लिहिली जातात आणि आकडा लिहिण्याआधी दोघांनाही विचारले जाते. काही पुरुषांना ते रुचलेले नाही. दोन घरांचा आकडा गतवर्षीपेक्षा कमी झाला, तिघांचा वाढला.