नित्याची आकृती : सायकल, रोजनिशी आणि नंदुरबारचे अनुभवविश्व

१

मराठीत आत्मचरित्राची समीक्षा विपुल आहे. रोजनिशीची समीक्षा मात्र क्वचितच आढळते. रोजनिशी छापली गेली तरी ती सहसा दुसऱ्या कशाचे तरी साधन म्हणून वाचली जाते. विठ्ठल रामजी शिंदे यांची रोजनिशी गो. मा. पवारांनी संपादित केली आणि पुढे २००४ मध्ये शिंद्यांचे बृहद् चरित्रही त्यांनीच सिद्ध केले. हा प्रवास अभ्यासाच्या दृष्टीने स्वाभाविक आणि मोलाचा आहे. पण त्यातून आपली एक वाचनसवय उघड होते. रोजनिशी हा कच्चा माल आणि चरित्र हा पक्का माल, असे आपण गृहीत धरतो. नोंदींमधील जे चरित्राच्या उपयोगी पडते ते टिकते; जे रोज तसेच घडते, म्हणून जे 'घडले' असे वाटतच नाही, ते गळून पडते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा गळून पडणारा भाग आहे. त्यातही एक विशिष्ट अनुभव येथे विचारात घेतला आहे : रोज सायकलीने शाळेत वा कामावर जाणे, आणि त्या जाण्यायेण्यातला आनंद रोजनिशीत नोंदवणे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु आपली समीक्षा ज्या मूल्यांवर उभी आहे, त्यांची मर्यादा अशा क्षुल्लक विषयापाशीच स्पष्ट होते. आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात ही मर्यादा केवळ वाङ्मयीन राहत नाही.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. 'रोजनिशी', 'रोजकीर्द', 'रोजनामा' हे शब्द मराठीत कारभारातून आले. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडून काढलेली सातारकर राजे व पेशवे यांची रोजनिशी ही हुकूम, नेमणुका आणि जमाखर्च यांची नोंद आहे. तिच्यात 'मी' नाही. 'दैनंदिनी' हा संस्कृतनिष्ठ शब्दही कार्यालयातच अधिक रुळला. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांची दैनंदिनी वरिष्ठांनी तपासायची असते. कोणत्या गावी गेलो, काय काम केले, कधी परतलो, एवढेच तिला हवे असते. खानदेशात वर्षानुवर्षे सायकलीवरून गावोगाव फिरणारा आणि नियमाने दैनंदिनी लिहिणारा कोणी असेल, तर तो हाच कनिष्ठ कर्मचारी. त्याच्या दैनंदिनीत अंतर आहे, वाट नाही. शेतांमधून जाताना त्याला काय वाटले हे लिहायला तिथे रकाना नाही.

दुसरा प्रवाह आश्रमीय आहे. गांधीजींनी आश्रमवासीयांना रोजनिशी ठेवण्याचा आग्रह धरला, तो आत्मपरीक्षणासाठी. तेथे नोंद म्हणजे व्रताचा हिशेब. याच वातावरणात खानदेशात एक वेगळा प्रयोग झाला. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहातील मुलांसाठी साने गुरुजी 'छात्रालय दैनिक' स्वहस्ते लिहून काढत. एका वसतिगृहाच्या चार भिंतींतले जीवन रोज लिहिण्याजोगे आहे, ही जाणीव त्यामागे आहे. मात्र दैनिकाचा हेतू संस्काराचा होता. कारभारी रोजनिशी वरिष्ठाला उत्तर देते, आश्रमीय रोजनिशी सद्सद्विवेकाला. दोन्हींत आनंदाला स्थान आहे, पण तो कशाच्या तरी निमित्ताने यावा लागतो.

तिसरा प्रवाह लघुनिबंधाचा. फडके, काणेकर, खांडेकर यांच्या पिढीने दैनंदिन सुखांना वाङ्मयात आणले, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. तरी लघुनिबंधाची घडण अशी की, साध्या अनुभवापासून निघून त्याला चमकदार कल्पनेपाशी किंवा जीवनविषयक विचारापाशी पोचायचे असते. सायकलीवरून सुरू झालेला लघुनिबंध सायकलीवर संपत नाही. शिवाय तो अनुभव एकदाच घेतो. रोजनिशी मात्र तोच अनुभव आज, उद्या आणि परवा घेते, आणि दरवेळी त्याचे काही 'करून' दाखवण्याची सक्ती तिच्यावर नसते.

३

ही पुनरावृत्ती समीक्षेला अडचणीची वाटते. फिलिप लज्युन याने १९७५ मध्ये आत्मचरित्राची जी व्याख्या केली, तिच्यात 'मागे वळून पाहणे' ही अट होती. त्या अटीमुळे रोजनिशी व्याख्येबाहेर राहिली. तो स्वतः पुढे सामान्य माणसांच्या रोजनिश्यांच्या अभ्यासाकडे वळला, हे मात्र आपल्याकडे फारसे लक्षात घेतले गेले नाही. मागे वळून पाहणाऱ्याला वळणे दिसतात. रोज लिहिणाऱ्याला रस्ता दिसतो. आपल्या समीक्षेच्या परिभाषेतील 'संघर्ष', 'घटना', 'जीवनदर्शन' हे सारे शब्द वळणे मोजणारे आहेत.

सायकलीच्या बाबतीतही हेच घडले आहे. मुंबईतील काही पारशी तरुण १९२३ मध्ये सायकलींवरून जगप्रवासाला निघाले आणि त्यांतले तिघे १९२८ मध्ये परतले. त्या प्रवासाचे इंग्रजीत पुस्तक झाले आणि ते होणे योग्यच होते. पण त्याच काळात सायकलीने रोज गिरणीत, कचेरीत, शाळेत जाणाऱ्यांच्या प्रवासाचे पुस्तक झाले नाही. साहसाला आरंभ, मध्य, शेवट असतो. रोजच्या फेरीला फक्त जाणे आणि येणे असते.

मराठीत नित्यक्रमाला आकृती देण्याचे मोठे उदाहरण म्हणजे दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६). ते रोजनिशी नाही, परंतु त्याची रचना महिन्यांच्या क्रमाने झाली आहे आणि पुन्हा येणाऱ्या गोष्टीकडे पाहत राहणे हाच त्याचा आनंद आहे. 'कोसला'त (१९६३) नेमाड्यांनी डायरीच्या नोंदींचा उपयोग केला. खानदेशातून पुण्याला गेलेल्या पांडुरंग सांगवीकराच्या दिवसांचा पोकळपणा समीक्षेने अस्तित्ववादाच्या आधारे पुष्कळ वाचला. म्हणजे नित्यतेतील कंटाळा वाचण्याची परिभाषा आपल्यापाशी आहे. नित्यतेतील आनंद वाचण्याची परिभाषा नाही, आणि म्हणून तो भाबडा किंवा बालसुलभ ठरतो.

४

अशा आनंदाचे वाचन कसे करता येईल, हे पाहण्यासाठी उदाहरणादाखल रचलेल्या काही नोंदी घेऊ. तापीकाठच्या सपाटीवरील एका गावातील मुलगी पश्चिमेकडच्या मोठ्या गावातील शाळेत सायकलीने जाते आणि वहीत लिहिते, अशी कल्पना करू. आषाढातील नोंद : 'जाताना वारा समोरून. येताना पायडल मारावेच लागले नाही.' चार दिवसांनी : 'आजही तसेच. मागे कॅरिअरवर मैत्रीण होती.' मार्गशीर्षातील नोंद : 'सकाळी वारा पाठीमागून. लवकर पोचले. हात मात्र गारठले.'

यातील एकेक वाक्य स्वतंत्रपणे घेतले तर त्यात वाङ्मयीन म्हणावे असे काही नाही. पण नोंदी ओळीने वाचल्या की त्यांच्यात एक रचना दिसू लागते. पावसाळ्यात तापीच्या खोऱ्यात वारा पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात तो उलट बाजूने वाहू लागतो. म्हणून जी वाट आषाढात जाताना जड आणि येताना हलकी असते, तीच मार्गशीर्षात जाताना हलकी होते. लिहिणारी कोठेही 'ऋतू बदलला' असे म्हणत नाही. तिच्या पायांनी नोंदवलेला बदल वाचकाला दोन नोंदींमधील अंतरात सापडतो. 'आजही तसेच' हे वाक्य तर पहिल्या नोंदीवाचून अर्थहीन आहे. रोजनिशीचा अर्थघटक सुटी नोंद हा नसून नोंदींची मालिका हा आहे. तिची कला असलीच तर ती पुनरावृत्तीतील सूक्ष्म भेदात आहे. सायकल हे या आकृतीशी जुळणारे वाहन आहे. सायकलस्वाराला वारा, चढ, खड्डा आणि कॅरिअरवरचे ओझे यांचा अनुभव थेट शरीरात येतो, आणि बसमधील प्रवाशाला जो रस्ता एकसारखा वाटतो तो त्याला रोज थोडा निराळा भेटतो.

मिशेल द सेर्तो याने शहरातील पायी चालण्याला एक प्रकारचे उच्चारण मानले. नियोजनाने आखलेल्या जागेचा चालणारा आपल्या परीने वापर करतो, असे त्याचे म्हणणे. हा विचार आपल्या उदाहरणाला लावून पाहता येतो. मानव विकास कार्यक्रमाखाली २०११ नंतर राज्यातील अतिमागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना राबवली गेली. शासनाच्या वाक्यात या सायकलीचा अर्थ एकच आहे : मुलींची शाळेतील गळती कमी करणे. तो अर्थ महत्त्वाचा आहेच. पण कॅरिअरवर मैत्रिणीला घेणे, येताना पायडल न मारता उतारावर सायकल सोडून देणे, हे त्या वाक्यात मावत नाही. ते फक्त वहीत मावते.

जनगणनेलाही सायकल दिसते ती घरातील मालमत्ता म्हणून. कामावर जाण्याचे साधन २०११ च्या जनगणनेने विचारले, पण ते शेती आणि घरगुती उद्योग यांबाहेर काम करणाऱ्यांपुरते. शाळेत जाणारी मुलगी आणि शेतावर जाणारा मजूर त्या तक्त्यात नाहीत.

५

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ४८ हजार असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. कुपोषण, स्थलांतर, सरदार सरोवरामुळे विस्थापित झालेली सातपुड्यातील गावे, १९७२ पासूनचा शहाद्याच्या श्रमिक संघटनेचा लढा हे या भूमीचे वास्तव. अशा ठिकाणी सायकलीच्या आनंदाविषयी बोलणे हे वास्तवाकडे पाठ फिरवणे नव्हे काय?

आक्षेपाचा अर्धा भाग मान्य केला पाहिजे. आनंद संदर्भातून तोडला की तो जाहिरातीचा ऐवज होतो. पण रोजनिशीतील आनंद असा तुटत नाही, कारण त्याला भूगोल आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा येथील सपाटीवर जी सायकल पंख देते, ती अक्राणीच्या डोंगरपाड्यांवर निरुपयोगी आहे. धडगावच्या परिसरातील कित्येक वाटा पायांच्याच आहेत. म्हणजे जिल्ह्यातील सायकलसुखाची सीमा बव्हंशी सातपुड्याच्या पायथ्याला येऊन थांबते. ही नोंद विषमतेचीच आहे, फक्त ती दुःखाच्या नव्हे तर सुखाच्या बाजूने केलेली आहे. पंक्चर, उखडलेला रस्ता, भावाने मागून घेतलेली सायकल, आठवीनंतर शाळा सुटल्याने थांबलेली वही, हे सारे त्याच मालिकेत येते. ज्या रोजनिशीत आनंद नोंदलेला नाही, तिच्यात तो हिरावला गेल्याची नोंदही दिसणार नाही.

खरा धोका दुसरीकडे आहे. नंदुरबारचे लेखन वाचताना आपण दुःखालाच अस्सलपणाची खूण मानतो. वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' (१९८७) या संग्रहाने आदिवासींच्या वतीने इतरांनीच बोलत राहण्याविरुद्ध आवाज उठवला, आणि त्यांची 'स्टेज' ही कविता त्यासाठी सर्वत्र उद्धृत होते. तिचा धडा समीक्षेलाही लागू आहे. माणसाला व्यासपीठ दिले, पण त्यावर त्याने व्यथाच मांडावी अशी अपेक्षा ठेवली, तर व्यासपीठ आपलेच राहते. 'गोधड'मध्ये भिलीतही कविता आहेत, हेही महत्त्वाचे. भिली, मावची, पावरी, अहिराणी, गुजरी बोलणाऱ्या मुलांना लिहिण्याची भाषा म्हणून शाळा प्रमाण मराठी देते. तिच्या निबंधवहीत सुखही नमुन्याप्रमाणे लिहावे लागते. कोणी न तपासायच्या वहीत घरची बोली शिरण्याची शक्यता अधिक. बोलीभाषिक लेखनाचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाने लोकगीते आणि कथा यांच्याबरोबर अशा वह्यांनाही संहिता मानले पाहिजे. त्या लिहिणाऱ्याच्या संमतीने आणि त्याचा खाजगीपणा राखूनच वाचायच्या, हे वेगळे सांगायला नको.

६

नंदुरबार शहराच्या स्मृतीत ९ सप्टेंबर १९४२ हा दिवस कोरलेला आहे. त्या दिवशी शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार साथी हुतात्मा झाले. इतिहासाने तो दिवस जपला, जपायलाच हवा होता. पण ती मुले ८ सप्टेंबरलाही शाळेच्या वयाची मुलेच होती, आणि त्या दिवसाविषयी इतिहासापाशी काही नाही. जे गेले त्याचे मोल कळायला त्या आदल्या साध्या दिवसाचीही नोंद लागते. रोजनिशी हा वाङ्मयप्रकार अशा आदल्या दिवसांचा आहे.

तेव्हा समीक्षेपुढील काम मर्यादित, पण निश्चित आहे. रोजनिशीला चरित्राच्या पायरीवरून उचलून स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून वाचणे; सुट्या नोंदीऐवजी मालिकेला संहिता मानणे; पुनरावृत्तीला दोष न समजता तिच्यातील भेद शोधणे; आणि आनंदाच्या नोंदीला पुरावा म्हणून तितक्याच गांभीर्याने घेणे, जितक्या गांभीर्याने आपण व्यथेची नोंद घेतो. विद्यापीठांतील संशोधकांनी आत्मचरित्रांवरचे आणखी प्रबंध लिहिण्यापूर्वी आपल्याच तालुक्यातील अशा वह्यांची चौकशी करावी. त्या वह्यांत 'आजही तसेच' हे वाक्य वारंवार भेटेल. ते वगळून पुढे जायचे की तेथे थांबायचे, यावर आपल्या वाचनाची कसोटी लागेल.